मॅथिसचं पाकीट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर राहवेना, म्हणून 'क्वांटम ऑफ सोलेस' पुन्हा लावून बसले. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात सांगते. २००८ सालच्या या बाँडपटात रेने मॅथिस हा म्हातारा हेर बाँडच्या मदतीला बोलिव्हियाला येतो आणि तिथे रात्रीच्या रस्त्यावर गोळ्या लागून त्याच्या मिठीत मरतो. बाँड त्याचं प्रेत उचलून रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत ठेवतो आणि त्याच्या पाकिटातले पैसे काढून घेतो. बरोबरची कमिल विचारते, मित्रांना असंच वागवतोस का? तो म्हणतो, त्याला काही वाटलं नसतं. मी लिहिलं होतं की इथे बाँडचं काहीच चुकलं नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत : "मित्राचं प्रेत उकिरड्यावर टाकून वर त्याचा खिसा चाचपणाऱ्या माणसाची बाजू घेताना तुमचा हात अडखळला कसा नाही? आपल्याकडे शत्रू मेल्यावरही वैर संपतं, 'मरणान्तानि वैराणि'. हा तर मित्र होता." पुढे तुमचं म्हणणं असं की बाँडने मॅथिसला ढालीसारखं पुढे धरलं. आणि पटकथाच अर्धवट होती, त्यात मी उगाच अर्थ शोधतेय.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो लवकर संपतो. नोव्हेंबर २००७ मध्ये हॉलिवूडचे पटकथालेखक संपावर गेले, हातातली संहिता पुरी झालेली नव्हती, आणि काही प्रसंग दिग्दर्शक मार्क फॉर्स्टरबरोबर बसून आपणच लिहिल्याचं डॅनियल क्रेगने पुढे सांगितलं. खरं आहे. १०६ मिनिटांचा हा सिनेमा बाँड मालिकेतला सगळ्यांत आखूड, आणि ती घाई जागोजागी दिसते. पण घाईत लिहिलेलं सगळं पोकळच निघतं असं थोडंच आहे? पडद्यावर जे आहे त्यावरच मी बोलतेय.

ढालीचं म्हणाल तर तो भाग मी थांबवून थांबवून पाहिला. मोटरसायकलवरचे पोलीस गाडी अडवतात, बाँडला डिकी उघडायला लावतात. आत मॅथिस, मारून बेशुद्ध केलेला. बाँड वाकून त्याला दोन्ही हातांनी बाहेर उचलतो, आणि त्याच क्षणी पोलीस गोळ्या झाडतात. हात मोकळा असता तर तो आधी पिस्तुलाकडे गेला असता. दोन्ही हात गुंतलेत ते मित्राला उचलण्यात. ज्याला ढाल करायची असते तो समोरच्यावर डोळा ठेवून असतो, आणि इथे बाँडचं लक्ष मॅथिसकडे आहे. तुम्ही हा भाग पुन्हा पाहावा अशी विनंती आहे. मग पटलं नाही तर नाही.

आता मुख्य गोष्ट. बाँडला थंड म्हणण्याआधी या दोघांचा मागचा हिशेब बघायला हवा. २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'मध्ये शत्रूच्या एका वाक्यावरून बाँडने मॅथिसला फितूर ठरवलं आणि मॅथिसला पकडून नेलं गेलं. खरी फितुरी बाँडच्या प्रेयसीची, व्हेस्परची होती हे कळल्यावरही बाँड आपल्या वरिष्ठ बाईंना सांगतो, ती दोषी निघाली म्हणून तो निर्दोष ठरत नाही, त्याची चौकशी चालू ठेवा. हे वाक्य मला कचरापेटीपेक्षा कितीतरी थंड वाटतं. तेव्हा बाँडला घाई नव्हती, मागे कोणी लागलेलं नव्हतं, समोरचा माणूस जिवंत होता.

तरी तोच मॅथिस पुढच्या सिनेमात त्याच्याबरोबर निघतो. ब्रिटिश सरकारने आपल्या चुकीबद्दल भरपाई म्हणून दिलेलं तालामोनेचं घर, समोर इटलीचा समुद्र, शेजारी जेमा नावाची बाई. हे सगळं सोडून, ज्याने आपल्याला छळाच्या तोंडी दिलं त्या माणसाबरोबर तो विमानात बसतो. बाँडकडे तेव्हा काय असतं? खात्याने त्याची कार्डं बंद केलेली, पासपोर्टवर खूण झालेली. विमानात तो झोपत नाही, व्हेस्परचं नाव दिलेलं पेय एकामागून एक रिचवत बसतो. मॅथिस त्याच्याजवळ बसून बोलतो. वडीलमाणसाने पोराशी बोलावं तसं, उपदेश न करता.

मरतानाचं बोलणंही नीट ऐका. बाँड विचारतो, मॅथिस हे तुझं टोपणनाव का? तो म्हणतो, हो. बाँड म्हणतो, काही खास नाही. मग मॅथिस विचारतो, आपण एकमेकांना माफ करायचं ना? आणि शेवटी मागतो ते एवढंच : व्हेस्परला माफ कर, स्वतःला माफ कर.

इथे दोन गोष्टी आहेत आणि त्यांवरून मी हटणार नाही. एक, ज्याला पुरायचं त्याचं खरं नावच बाँडला माहीत नाही. थडगं बांधलंच तर त्यावर काय कोरणार? दोन, मरणाऱ्याने जे मागितलं त्यात अंत्यविधी नव्हता, क्षमा होती. सिनेमाच्या शेवटी, कझानच्या बर्फात, व्हेस्परला ज्याने फसवलं तो युसेफ बाँडच्या हाती सापडतो आणि बाँड त्याला जिवंत सोडून खात्याच्या ताब्यात देतो. वाटेत तिचा हार बर्फात टाकून देतो. मित्राचं ऋण त्याने तिथे फेडलं असं मी मानते. आणि ज्या पोलीसप्रमुखाने मॅथिसला दगा दिला त्याला गोळी घालण्याआधी बाँड म्हणतो, आपल्या दोघांचा एक मित्र होता. थंड माणूस हे बोलायला थांबत नाही. तेलाने माखून मारलेल्या, खात्यातल्याच फील्ड्स या तरुणीबद्दल तो वरिष्ठांना बजावतो की अहवालात तिचं नाव घाला, ती धैर्याने वागली असं लिहा. हे बोलताना तो स्वतः अटकेत आहे. सगळ्या सिनेमात त्याने खात्याकडे काही मागितलं असेल तर हेच.

पाकिटाबद्दल मात्र मला सिनेमाबाहेरचं सांगायचं आहे.

माझे वडील गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. दवाखान्यातून त्यांना घरी आणायचं होतं. आई भिंतीला टेकून बसलेली, भाऊ लहान. मामा पुढे झाला, चादर बाजूला केली आणि बाबांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. पेन, चष्म्याची डबी, बसचं तिकीट, आणि घडी घातलेल्या नोटा. त्याने त्या तिथेच उभ्या उभ्या मोजल्या, अंगठ्याला थुंकी लावून. चारशे तीस रुपये. ते तसेच गाडीवाल्याच्या हातावर ठेवले. त्या अंगठ्याचा मला इतका राग आला की तेराव्यापर्यंत मी मामाशी बोलले नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, माझ्या खिशात दमडी नव्हती, कोणाकडे मागायला गेलो असतो तर त्याला तिथेच ठेवून जावं लागलं असतं. त्याच्याच पैशाने त्याला घरी आणला."

म्हणून सांगते, मेलेल्या माणसाच्या खिशात हात घालणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते बाजूला उभं राहणाऱ्याला कळत नाही. मला कळलं नव्हतं. कमिललाही कळत नाही, आणि तिने विचारणं अगदी रास्त आहे, कारण तिचं सगळं घर तिच्या डोळ्यांदेखत मारलं गेलंय. बाँड तिला स्पष्टीकरण देत बसत नाही. रस्त्यावर दोन पोलीस मरून पडलेत आणि त्यांच्यामागून आणखी येणार आहेत.

आता 'मरणान्तानि वैराणि'. हे राम विभीषणाला म्हणतो ते रावण पडल्यावर, लंका जिंकल्यावर. युद्ध संपलेलं आहे, चितेला वेळ आहे, रावणाचे नातलग हजर आहेत. जिंकलेल्याला जे शोभतं ते पळणाऱ्याकडून मागता येत नाही, एवढंच मी म्हणणार होते.

पण लिहिता लिहिता मला जटायू आठवला, आणि तो तुमच्या बाजूने उभा आहे. जटायू तर सरळसरळ मदतीला आलेला, मदत करताना घायाळ झालेला. राम तेव्हा जिंकलेला नाही. सीता कुठे आहे याचा पत्ता नाही, एकेक घटका मोलाची आहे. तरी तो थांबतो. लाकडं गोळा करवतो, आपल्या हाताने अग्नी देतो आणि लक्ष्मणाबरोबर गोदावरीवर जाऊन त्या पक्ष्याला पाणी देतो. आपल्याकडे इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला लोक आजही ती जागा दाखवतात. रामामागे बंदुका नव्हत्या, हा फरक आहेच. पण एवढ्याने जटायूचा प्रश्न सुटत नाही. शोध अडला तरी चालेल, आधी याचं करू, असं रामाला वाटलं. बाँडला तसं वाटल्याचं पडद्यावर दिसत नाही.

यावर मी दोन दिवस घालवले. हेरांच्या जगात जटायूचं करणारं कोणी असतं का? असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एसओई या गुप्त संस्थेने फ्रान्समध्ये माणसं उतरवली. त्यांना पाठवणाऱ्यांत व्हेरा ॲटकिन्स ही अधिकारी होती. युद्ध संपलं तेव्हा तिच्या विभागाचे ११८ जण बेपत्ता होते. ती जर्मनीत गेली, नाझी छावण्यांचे पहारेकरी आणि अधिकारी यांच्यासमोर बसली, कोण कुठे मेलं ते विचारत राहिली. ११७ जणांचं काय झालं ते तिने शोधून काढलं. भारतीय वंशाची हेर नूर इनायत खान त्यांतलीच. नूर नात्झवायलरच्या छावणीत मारली गेली असा आधी समज झाला होता. तेवढ्यावर फाइल बंद करता आली असती. शोध चालू राहिला आणि कळलं की ती डाखाऊच्या छावणीत मारली गेली, १३ सप्टेंबर १९४४ रोजी. प्रेत हाती लागणार नव्हतं. पण घरच्यांना जागा कळली, तारीख कळली. उलट बाजूला इस्रायलचा हेर एली कोहेन. १९६५ मध्ये दमास्कसच्या चौकात त्याला फाशी दिलं, आणि त्याची बायको नादिया पुढे कित्येक दशकं एकच मागत राहिली : त्याला घरी आणू द्या. त्या बाईसमोर 'त्याला काही वाटलं नसतं' हे वाक्य मला म्हणता येणार नाही.

आणि इथे मला तालामोनेच्या घरातली जेमा आठवली. मी हा सिनेमा इतक्यांदा पाहिला, पण तिचा विचार पहिल्यांदा तुमच्या प्रतिक्रियेमुळे केला. बाँड दारात आला तेव्हा ती घरात होती. मॅथिस तिच्या डोळ्यांसमोर निघाला. त्यानंतर सिनेमा तिच्याकडे एकदाही परतत नाही. कोणी तिला पत्र लिहिलं, फोन केला, दारात जाऊन उभं राहिलं, काहीही दाखवलेलं नाही. कझानला जायला बाँडला वेळ मिळाला. इटली काही त्याहून लांब नव्हती. मॅथिसला काही वाटलं नसतं हे बाँडने त्याच्या वतीने म्हणावं, तेवढी त्यांची जवळीक होती. जेमाच्या वतीने ते म्हणायचा हक्क त्याला नव्हता.

तेव्हा रस्त्यावरच्या त्या दोन मिनिटांबद्दल माझं मत आहे तेच आहे. पेटीही आणि पाकीटही. त्यानंतरच्या गप्प राहण्याची बाजू मी घेणार नाही. मूळ लेखात 'बाँडचं काहीच चुकलं नाही' असं वाक्य आहे. त्यातला 'काहीच' आज रात्री काढते आणि खाली जेमाबद्दल एक परिच्छेद घालते. वाचून सांगा.