जाहिरात लिहिणाऱ्याने घर पाहिलं होतं का?

तुमची प्रतिक्रिया आली त्याला आठवडा झाला. उत्तर द्यायला वेळ घेतला, कारण तिच्यातला एक मुद्दा मला लागला आणि तो खरा आहे. घरांच्या गचाळ जाहिरातींवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की शुद्धलेखनावरून माणसाची लायकी ठरवणं हा शिकलेल्यांचा माज आहे. एजंटाने घर विकावं, निबंध लिहू नये. जाहिराती खरंच इतक्या वाईट असत्या तर घरमालकांनीच ओरड केली असती. तुमचा धाकटा भाऊ याच धंद्यात आहे, दिवसाला वीस-वीस जाहिराती टाकतो, हेही तुम्ही सांगितलंत.

माजाबद्दल आधी. 'प्रशस्थ' लिहिणारा आणि घरात पाऊल न टाकता लिहिणारा, या दोघांना मी एकाच माळेत ओवलं. ते चुकलंच. ज्याची मातृभाषा वेगळी आहे किंवा ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याचे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. त्यावरून त्याच्या कामाची परीक्षा करण्याचा मला अधिकार नाही. 'खीडकी पच्छिमेला, दूपारी २ नंतर ऊन. मोरीचा नळ गळतो, मालक दूरुस्त करून देनार.' अशी जाहिरात दिसली तर मी त्या एजंटाला शोधत जाईन. तो त्या खिडकीशी उभा राहिलाय, त्याने नळ सोडून पाहिलाय. शुद्धलेखनाची टिंगल करणारे दोन परिच्छेद मी लेखातून काढले आहेत.

पण 'निबंध लिहू नये' हे मला पटत नाही. 'मोक्याच्या ठिकाणी प्रशस्त, हवेशीर, सर्व सोयींनी युक्त घर. त्वरित संपर्क साधा.' यात एकही चूक नाही आणि एकही माहिती नाही. हे वाक्य कुठल्याही घरावर चिकटवा, चिकटतं. प्रशस्त म्हणजे किती? क्षेत्रफळ दिलं असेल तर ते भिंतींच्या आतलं, की भिंती धरून, की जिन्याचा वाटाही त्यात घातलेलं? हवा येते ती समोरासमोरच्या खिडक्यांतून, की एकाच खिडकीतून? निबंध कोणीच मागत नाही. ज्याने घर पाहिलेलं नाही अशा माणसाला एजंट आपले डोळे उसने देतो आणि त्याचेच पैसे घेतो. तेही दिले नाहीत तर जाहिरातीत उरतो फक्त एक फोन नंबर.

हे मी इतकं मनावर का घेते ते सांगते. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. तिच्यासाठी घर शोधताना एक जाहिरात सापडली. भाषा स्वच्छ, फोटो उत्तम, 'दुसरा मजला, लिफ्ट आहे' असं ठळक लिहिलेलं. लिफ्ट खरोखरच होती. पण इमारत जुनी, लिफ्ट नंतर बसवलेली, आणि ती थांबायची दोन मजल्यांच्या मधे, जिन्याच्या वळणावर. तिथून दारापर्यंत नऊ पायऱ्या. आई पहिल्या पायरीशी कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तू वर जाऊन बघून ये." एजंट वर पोचला होता आणि दिव्याचं बटण चाचपडत होता. तोही त्या घरात पहिल्यांदाच येत होता! तो खोटं बोलला नव्हता, मालकाने फोनवर सांगितलेलं त्याने उतरवून घेतलं होतं. एकदा चढून गेला असता तर त्या नऊ पायऱ्या त्यालाही मोजाव्या लागल्या असत्या आणि आईचा तो दिवस वाचला असता. त्यानंतर तिने दोन महिने घर बघायला यायचंच नाकारलं.

नेमकेपणाची अपेक्षा अवाजवी नाही. जपानमध्ये घराच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून चालत इतकी मिनिटं' असं लिहायचं तर रस्त्याने दर ८० मीटरला १ मिनिट धरायचा नियम आहे, आणि उरलेल्या तुकड्यालाही पूर्ण मिनिट मोजावं लागतं. म्हणजे 'पाच मिनिटं' याचा अर्थ ४०० मीटरच्या आत. आपण वाचतो ती 'पाच मिनिटं' पायी की गाडीने, हेसुद्धा अनेकदा कळत नाही.

राहिले घरमालक. एकदा किल्ली दिली की आपल्या घराची जाहिरात ते बहुधा वाचतही नाहीत, ओरड कुठून करणार? नुकसान मात्र त्यांचंही होतं. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळजवळ एक लाख घरविक्रीच्या नोंदी तपासल्या. अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि त्यांना सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळते, असं त्यात दिसलं. कारण सरळ आहे. वाढीव किमतीतला बहुतेक पैसा मालकाचा, एजंटाच्या हाती त्यातला चिमूटभर. त्याला सौदा लवकर उरकणं परवडतं. घाईत खरडलेली जाहिरात मला याच घाईचा भाग वाटते.

खरं लिहिलं तर घर विकलंच जाणार नाही, अशी भीती तुमच्या प्रतिक्रियेत मला जाणवली. लंडनमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत रॉय ब्रूक्स नावाचा एजंट रविवारच्या वर्तमानपत्रांत घरांचे दोष उघड सांगणाऱ्या जाहिराती देत असे. ओल असेल तर ओल, घर कुरूप असेल तर कुरूप. ज्यांना घर घ्यायचंच नव्हतं तेही त्या आवडीने वाचत, आणि त्याचा धंदा उत्तम चालला.

तुमच्या भावाला मी ओळखत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल काही बोलणार नाही. दिवसाला वीस जाहिराती म्हटल्यावर वीस घरं बघून होणं कठीण, हे मलाही कळतं. तो बोजा त्याच्यावर कोण टाकतं, हेही विचारायला हवं. पण स्वतः आत जाऊन, खिडक्या उघडून, पायऱ्या चढून त्याने लिहिलेली एखादी जाहिरात असेल तर जरूर पाठवा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. लेखातले जे दोन परिच्छेद काढलेत, त्यांच्या जागी ती लावते.