कुत्र्याचा ओशाळा चेहरा म्हणजे कबुलीजबाब नव्हे

‘मुक्या जिवाला सगळं कळतं’ असं सांगणारा एक लांबलचक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कुत्र्याला आपली चूक कळते, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, म्हणून घरात शू केली की तिथेच नाक घासावं. भीतीचा वास आला की कुत्रं चावतं. मालकावरचं संकट ते स्वतःवर घेतं. मांजराला मात्र माणसाचं सोयरसुतक नसतं. हे वाचून आमच्या काकूंनी पाच महिन्यांच्या पिल्लाचं नाक लादीवर घासलं, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

कान मागे, मान खाली, शेपूट पायांत, नजर चुकवणं, ओठ चाटणं. या चेहऱ्याची परीक्षा कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी न्यूयॉर्कमध्ये घेतली. २००९ साली ती प्रसिद्ध झाली. १४ कुत्री होती. मालक ‘खाऊ नको’ सांगून खोलीबाहेर जायचा. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरं सांगितलं जायचं, कधी खोटं. ओशाळा चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा. खाऊ खाल्ला होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट, काहीही न खाता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांत तो जास्त ठळक होता. म्हणजे ती ‘मला मारू नका’ अशी विनवणी आहे. पिल्लू तासाभरापूर्वीच्या शूचा आणि तुमच्या आत्ताच्या रागाचा संबंध जोडत नाही. ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही.

करायचं ते असं. पिल्लाला झोपेतून उठल्यावर, खेळ संपल्यावर, खाल्ल्यावर १५-२० मिनिटांत आणि एरवी दर दोन तासांनी बाहेर न्या. शू झाली की त्याच क्षणी, जागेवरच खाऊ द्या. घरी येऊन दिलेला खाऊ कशाचा हे त्याला कळत नाही. घरात झालीच तर कागदाने टिपून एन्झाइमचा क्लीनर (लघवीतला वास मुळापासून मोडणारा) बाटलीवर लिहिलंय तितका वेळ राहू द्या. फिनेलने आपल्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, कुत्र्याच्या नाही. शिकलेलं मोठं कुत्रं अचानक घरात करू लागलं तर आधी लघवी तपासून घ्या.

भीतीच्या वासात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. बेलफास्टच्या २०२२ च्या प्रयोगात प्रशिक्षित कुत्र्यांनी ताणाखालच्या माणसाचा घाम आणि श्वास ९० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखला. पण ओळखणं वेगळं, चावणं वेगळं. पळणं, किंचाळणं, रोखून बघणं, डोक्यावरून हात नेणं यांनी कुत्रं बिथरतं. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर थांबा, हात अंगालगत ठेवा, नजर खाली, हळूहळू तिरके मागे व्हा. घरच्या कुत्र्याला गुरगुरल्याबद्दल मारू नका. गुरगुर हा इशारा आहे, तो मारून बंद केलात तर पुढच्या वेळी थेट दात लागतील. दात लागलेच तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

मांजराबद्दलचा दावा चूकच. मालकाच्या हसऱ्या आणि रागीट चेहऱ्यासमोर मांजरं वेगळी वागतात हे प्रयोगात दिसलंय. फरक बारीक असतो, एवढंच.

राहिलं संकट अंगावर घेणं. स्वीडनमध्ये २०१९ साली मालकाच्या आणि कुत्र्याच्या केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं, तेव्हा दोघांचा दीर्घकाळचा ताण जुळलेला आढळला. इथपर्यंत खरं. पण ताण जुळणं म्हणजे तुमचा आजार त्याच्यात जाणं नव्हे. कुत्रं जेवण सोडून पडून राहिलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, अंगात १०३ फॅरनहाइटच्या वर ताप असला, तर गोचीड तापाची शंका घ्या आणि त्याच दिवशी रक्त तपासा. त्यात प्लेटलेट्स झपाट्याने घसरतात. ‘घरावरचं टळलं’ म्हणत घालवलेले दोन दिवस त्याच्या जिवावर बेततात.