कोणता उंदीर जास्त सशक्त? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. जंतू टोचलेल्या उंदरांवरच्या माझ्या लेखातलं ‘प्रतिकारशक्ती सरसकट कमी-जास्त नसते’ हे वाक्य तुम्हाला पटलेलं नाही. तुम्ही म्हणता, तोच जंतू टोचल्यावर एक उंदीर जगतो आणि दुसरा मरतो, म्हणजे एकाची शक्ती जास्तच असणार, आणि ती खाण्यापिण्यावर ठरते. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

खाण्यापिण्याचं आधी सांगतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे वाण सख्ख्या भावाबहिणींच्या संकरातून निदान वीस पिढ्या वाढवलेले असतात. एका वाणाचे सगळे उंदीर जुळ्या भावंडांसारखे. खाद्य तेच, पिंजरे तसेच, वयही तेवढंच. तरी साल्मोनेला हा जंतू टोचला की ‘ब्लॅक-6’ वाणाचे उंदीर थोड्याशा जंतूंनी मरतात आणि ‘129’ वाणाचे तगतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने 1993 साली यामागचं जनुक शोधलं, एनरॅम्प-1. मॅक्रोफेज पेशी जंतूला गिळून पिशवीत कोंडते, आणि या जनुकाचं प्रथिन त्या पिशवीतलं लोह व मँगनीज बाहेर उपसून जंतूला उपाशी ठेवतं. ब्लॅक-6 मध्ये त्या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललंय, आणि उपसा बंद पडलाय.

इथवर तुमचं म्हणणं बरोबर वाटेल: 129 सशक्त, ब्लॅक-6 अशक्त. पण लिजिओनेला हा दुसरा जंतू घ्या. तो ए-जे वाणाच्या मॅक्रोफेजमध्ये मजेत वाढतो, जरी ए-जेचं एनरॅम्प-1 शाबूत असलं तरी. आणि त्याच जंतूला ‘अशक्त’ ब्लॅक-6 रोखून धरतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो सी3एच-एचईजे हा उंदीर. साल्मोनेलासारख्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एन्डोटॉक्सिन हा विषारी घटक असतो. तो नुसता टोचला, जंतू अजिबात नाही, तरी साधा उंदीर केस पिंजारून कोपऱ्यात गोळा होऊन बसतो, डोळे अर्धवट मिटतो, आणि मात्रा मोठी असेल तर मरतो. सी3एच-एचईजे मात्र तेवढ्याच मात्रेनंतर पिंजऱ्यात फिरत राहतो. हा सशक्त ना? आता त्याच उंदराला जिवंत साल्मोनेला द्या. अगदी मोजक्या जंतूंनी तो दगावतो, आणि त्याचंही एनरॅम्प-1 धडधाकट आहे! 1998 साली ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने कारण दाखवलं. टीएलआर-4 या प्रथिनाच्या आठशेहून अधिक अमिनो आम्लांच्या साखळीत 712व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आलंय. त्यामुळे एन्डोटॉक्सिनची चाहूलच लागत नाही. चाहूल नाही म्हणून सूज नाही, धक्का नाही, आणि त्याच कारणाने जंतूवर वेळेवर हल्लाही नाही. या कामाच्या मालिकेसाठी ब्यूटलर 2011 च्या नोबेलचे एक मानकरी झाले.

म्हणून मी तसं लिहिलं होतं. तरी वाक्य फार तोडून लिहिलं गेलं, हे तुमचं खरं. मूळ लेखात आता ‘कोणत्या जंतूविरुद्ध, ते आधी विचारायला हवं’ अशी भर घातली आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही मान्य. आपल्याला आजारी पाडायला लागतं त्याच्या कितीतरी पट एन्डोटॉक्सिन उंदीर सहन करतो, त्यामुळे मात्रांचे आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. पण टीएलआर-4 चा निरोप पेशीत पुढे पोचवणारी मायडी-88 आणि आयरॅक-4 ही प्रथिनं आपल्यातही आहेत. क्वचित एखादं मूल यातलं एक प्रथिन निकामी असलेलंच जन्माला येतं. अशा मुलांना लहानपणी न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस या जंतूंचे जीवघेणे संसर्ग होतात, आणि रक्तात जंतू असूनही ताप फारसा चढत नाही, त्यामुळे आईवडिलांना वेळेवर कळतही नाही. बहुतेक विषाणूंशी मात्र हीच मुलं इतरांसारखी झुंजतात. वय वाढेल तसे संसर्ग विरळ होत जातात. तोवर डॉक्टर त्यांना लशी आणि रोजचं अँटिबायोटिक देऊन जपतात.