‘रन’ फाइलचा आग्रह कशाला?

‘एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड बसवलं की कंपनीच्या साइटवरून सगळ्यात नवी रन फाइल उतरवा, सिक्युअर बूट बंद करा, कर्नल अपडेट करू नका, एएमडीलाही तसंच.’ उबंटू आणि मिंट या लिनक्स सिस्टमसाठीचा हा सल्ला गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सारखा फिरतो. तो पाळू नका.

रन फाइल म्हणजे कंपनीचा स्वतःचा इन्स्टॉलर. तो एपीटीला, म्हणजे सिस्टमच्या पॅकेज व्यवस्थापकाला, पत्ता लागू न देता सिस्टममध्ये फाइली टाकतो. एनव्हिडियाचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलला (सिस्टमच्या गाभ्याला) जोडला जाणारा भाग, ज्या कर्नलसाठी बनलं त्यालाच चालतं. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बनवणाऱ्या डीकेएमएसमध्ये नोंद नसेल तर कर्नल बदलताच स्क्रीन काळी पडते. कर्नल अपडेटची भीती इथूनच आली, आणि अपडेट थांबवले की सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात! अशी काळी स्क्रीन आली तर कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून लॉगिन करा, ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ (sudo nvidia-uninstall) चालवा, मग उबंटूवर ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ (sudo ubuntu-drivers install). मिंटवर ड्रायव्हर मॅनेजर आहेच. रीबूटनंतर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ (nvidia-smi) या कमांडने कार्डाचं नाव दाखवलं की काम झालं.

‘सगळ्यात नवा’ हाही चकवाच. म्हापशात कुणाकडून जुनं जीटी 710 घेतलंत तर त्याला ड्रायव्हरची 470 ही शेवटची शाखा (आवृत्त्यांची मालिका). जीटीएक्स 1050 ला 580. त्यापुढचे ड्रायव्हर ही कार्डं ओळखतच नाहीत. उलट आरटीएक्स 50 मालिकेला नावात ‘ओपन’ असलेलंच पॅकेज लागतं.

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड सुरू होताना अडवणारी सोय, चालू राहू द्या. उबंटू बहुतेकदा सही केलेलं तयार मॉड्यूलच देतं. डीकेएमएसने मॉड्यूल बनवलं तर इन्स्टॉल करताना एक नवा पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं आणि रीबूटवर निळी स्क्रीन येते. तिथे दहा सेकंदांत कुठलीही की दाबा, ‘एनरोल मॉक’ (Enroll MOK, सहीची चावी नोंदवणं) निवडा, तोच पासवर्ड द्या. बरेच जण नेमकी हीच स्क्रीन चुकवतात आणि दोष ड्रायव्हरला देतात.

एएमडीसाठी काही उतरवायचंच नाही. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, बाकीचं मेसा ही ग्राफिक्स लायब्ररी बघते. कार्ड अगदी नवं असेल तर कर्नल, मेसा आणि लिनक्स-फर्मवेअर नवं हवं, एवढंच.

निरोपात नसलेली एक गोष्ट मात्र आपल्याकडे महत्त्वाची: पावसात वीज जाते. यूपीएस नसेल तर गडगडाट चालू असताना इन्स्टॉल सुरू करू नका. अर्ध्यात बंद पडलंच तर ग्रबमधून (सुरुवातीच्या बूट मेनूतून) रिकव्हरी मोडमध्ये जा, ‘डीपीकेजी’ (dpkg) हा पर्याय निवडा. अर्धवट राहिलेली पॅकेजं तो पूर्ण करतो.