बोनेट गरम होतं

आज टाळकं सरकलं आहे म्हणून लिहून राहिलो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

सकाळी चुलत भावाचा फोन. "दादा, गाडी फायनल केली, २०१२ ची सेडान, डिझेल, दहा हजार टोकन देऊन आलो." म्हटलं मेकॅनिक नेला होता का सोबत? तर म्हणे, "कायले? लय चांगला माणूस आहे तो, आम्ही पोचायच्या आधीच गाडी चालू करून एसी लावून ठेवला होता त्यानं. बसल्या बसल्या थंडगार!"

अरे बाप्पा, चालू करून ठेवली होती हीच तर भानगड आहे ना!

माझा किस्सा ज्यांना माहीत आहे ते आता हसतील, हसू द्या. २०१९ च्या एप्रिलमध्ये मी पण अशीच जुनी सेडान घेतली, १ लाख ३५ हजारात. पाहायला गेलो तेव्हा बोनेट गरम होतं. हात टेकवला होता मी त्याच्यावर, चटका बसला होता, तरी विचारलं नाही काहून गरम आहे म्हणून. विकणारा स्वतःच म्हणाला, "आत्ताच डिझेल टाकून आणली भाऊ." आणि आम्ही चार जण जाऊन काय पाहिलं? नवीन सीट कव्हर पाहिले, गाण्याचा आवाज कसा येतो ते पाहिलं. नारळ फोडला, पेढे वाटले.

मग मे लागला. आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायला निघालो. यवतमाळ गेलं, कळंब सुटलं आणि टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. बाहेर ४५ डिग्री. एसी बंद केला, वरून हीटर लावला, इंजिनची गर्मी थोडी ओढून घेतो म्हणून, आई मागं पदरानं वारा घेऊन राहिली. देवळीच्या अलीकडे बोनेटमधून वाफ. कडुलिंबाखाली तीन तास. आई मलाच समजावते, "असू दे बाबू, गाडी थकली असन." शेवटी तिला एका काळीपिवळीत बसवून दिलं, ७० वर्षांची बाई, अनोळखी लोकांत, हातात रिपोर्टची पिशवी.

मेकॅनिकनं दुसऱ्या दिवशी रेडिएटर खोलला तर आतून पिवळा चिखल. हळद! लीक चार दिवस दबून राहावं म्हणून टाकलेली. नवरीसारखी हळद लावून माझ्या गळ्यात बांधली होती गाडी. इंजिनची गर्मी सांभाळणारा थर्मोस्टॅट काढून फेकलेला, कूलंटच्या जागी बोअरचं पाणी, त्याच्या क्षारानं नळ्या गच्च. हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, त्याच्या खालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलेलं, हेड वाकलेलं. हेड घासून सपाट करायचं फेसिंग, रेडिएटर, वॉटर पंप सगळं धरून ३८ हजार.

आता कळलं काहून ओरडून राहिलो ते? गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडताच येत नाही, तोंडावर उकळतं पाणी येते, म्हणून आत हळद आहे का हिंग आहे कोणी पाहत नाही. आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारला की सगळं बाहेर येते. डिझेल असेल तर किती वेळ कुथते ते दिसते, इंजिनच्या आतली चेन ढिली असेल तर खडखड ऐकू येते. धूर पाहा. निळा असेल तर ऑइल जळते. पांढरा निघून थांबतच नसेल तर बहुतेक रेडिएटरचं पाणी इंजिनात जाऊन राहिलं. ऑइलचं झाकण काढून खालची बाजू पाहा, दुधाच्या सायीसारखं चिकटलेलं दिसलं तर तिथूनच रामराम करा. चालू इंजिनवर तेच झाकण नुसतं उलटं ठेवा, टुणटुण उडालं तर इंजिन खोलून दुरुस्त करायला आलं समजा.

भाऊ म्हणे मीटर ६२ हजार आहे. बरं. फोटो पाठव म्हटलं पायडलचा. ब्रेकचं रबर घासून गुळगुळीत, खालचं लोखंड चमकून राहिलं! ६२ हजारात? आणि डिक्कीचा फोटो पाठव म्हटलं, मॅट उचलून. स्टेपनीच्या खड्ड्यात पापुद्रे निघालेला गंज. युरियाची पोती वाहिली आहेत बाबा त्या गाडीनं, खत सांडलं की पत्रा खाते, आपल्याकडे कोण नाही वाहत, मी पण वाहिली आहेत. त्यात सेडान बुटकी, पांदणीत एकदा ऑइल चेंबर दगडाला घासला की झालं. मडगार्डमध्ये काळी माती बसते ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत ओलच धरून राहते. कागदाचं तर बोलतच नाही, आरसीवर बँकेचा बोजा आहे का हेही पाहिलं नाही पठ्ठ्यानं, आणि २०२७ ला १५ वर्षं भरतात, मग रजिस्ट्रेशनसाठी पुन्हा आरटीओ.

मान्य आहे, सगळ्या जुन्या गाड्या भंगार नसतात, आमच्या गुरुजींची २००९ ची अजून सुतासारखी चालते. आणि नवीन घ्यायला कापसाला भाव कुठं आहे.

फोनवर मी त्याला लय बोललो. येडा म्हणालो, अजून काय काय म्हणालो. तो गप्प बसला आणि मग हळूच म्हणे, "दादा, बाबाले आठवड्यातून दोनदा डायलिसिसले न्या लागते यवतमाळले. येताना एसटीत उभं राहवत नाही त्यायले." झालं. माझा सगळा आवाजच बसला. काकांना त्या कडुलिंबाखाली बसलेलं पाहायचं नाही मला.

म्हणून ठरवलं, उद्या आम्ही दोघं मेकॅनिक घेऊन जातो, सकाळी सहाला, गाडी गार असताना. टोकन बुडालं तर अर्धं माझं.

हे लिहितानाच भावाचा परत फोन आला. त्यानं भोळेपणानं त्या माणसाला सांगून टाकलं आम्ही सहाला येतो म्हणून. तो म्हणे, "सहाला नको भाऊ, अकरानंतर या, तोपर्यंत गाडी धुवून चालू करून ठेवतो."