नग एक, कारण भेट

आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये गेल्या शनिवारी एक नोंद झाली. 'वस्तू : कुऱ्हाड. नग : 1. कारण : भेट.' शेजारी माझी सही. तिच्या वरच्या ओळीत पाण्याचे जार आणि खालच्या ओळीत पिझ्झावाला. दोन आठवडे हाताची सालटी काढून मी जे घडवलं, त्याची ठाणे शहरात झालेली ही एकमेव दखल.

मित्राने शहापूरजवळ थोडी जमीन घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि वास्तुशांतीचं बोलावणं धाडलं. त्याला भिंतीवरचं घड्याळ द्यायला अकरा जण टपलेले असणार, हे नक्की. माझ्या माळ्यावर आजोबांची कुऱ्हाड पडून होती. गावचं घर विकलं तेव्हा पितळेची भांडी इतरांनी वाटून घेतली आणि 'तुला आठवण म्हणून' ही माझ्या पदरात पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत कुऱ्हाडीने काय फोडणार? नारळ? तिचं भलं मित्राकडेच होतं.

फक्त ती कुऱ्हाड राहिली नव्हती. दांड्याचा वाळवीने भुसा केलेला आणि पात्यावर गंजाचे पापुद्रे, शिळ्या खारीसारखे. गंजावर उपाय व्हिनेगर. जांभळी नाक्यावर एकदम पाच बाटल्या मागितल्या तर दुकानदार म्हणाला, "गाडी कुठे लावताय? मंचुरियन की फक्त नूडल्स?" पातं बादलीत दिवसभर बुडवून ठेवलं. बारीक बुडबुडे येत राहिले आणि घरभर चायनीजच्या गाडीचा वास. दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने घासलं, तर काळा चिखल सुटून खाली करडं, खरबरीत, पण अस्सल लोखंड दिसलं. आंबटपणा मारायला खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढलं, पुसलं आणि चहा प्यायला गेलो. परत येईस्तोवर पात्यावर नारिंगी झाक! खाडीकाठच्या या गावात जुलैमध्ये माणूसही गंजतो, तिथे लोखंडाचं काय? पुन्हा घासलं, या वेळी चहाआधी तेल लावलं.

बाभळीचा नवा दांडा बसवला, वरून पाचर ठोकली, दांड्याला जवसाचं तेल चोळलं. या तेलाची एक गंमत आहे. त्यात भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप तापत जातात आणि पेटूही शकतात. ही माहिती मी जेवताना बायकोला कौतुकाने सांगितली. सांगायला नको होती. त्या रात्री आमच्या दोरीवर तीन तेलकट फडकी चिमटे लावून पसरलेली होती, आणि दर तासाने उठून ती त्यांना हात लावून बघत होती. माझ्या तापातसुद्धा ती इतक्यांदा उठलेली नाही.

राहिली धार. धारवाल्याच्या कोरड्या चाकावर कुऱ्हाड द्यायची नाही, एवढं आजोबांचं ऐकलेलं होतं. पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. म्हणून कानस घेऊन पार्किंगमध्ये बदामाच्या झाडाखाली बसलो. घरात बसलो असतो, पण कानशीच्या आवाजाने खालच्या वहिनींचे दात शिवशिवतात.

तिथे सेक्रेटरी काका आले. पायात स्लिपर, हातात दुधाची पिशवी. आधी कुऱ्हाडीकडे बघितलं, मग झाडाकडे, मग माझ्याकडे. याच क्रमाने.

"कुणाला?"

"मित्राला देतोय, काका."

"भांडण झालंय का?"

"भेट देतोय."

"धारेची वस्तू भेट देत नाहीत. मैत्री तुटते. त्याच्याकडून रुपया घे." क्षणभर थांबून, "आणि झाडाला हात लावायचा नाही. 1975 चा कायदा आहे. महाराष्ट्र नागरी क्षेत्र, झाडांचे संरक्षण व जतन. महापालिकेची परवानगी लागते."

"मी झाड नाही तोडत."

"फांदीसुद्धा झाडच असते."

"काका, फक्त धार लावतोय. हळू लावावी लागते, नाहीतर पाणी जातं."

इथे मी चुकलो. 'पाणी' हा शब्द आमच्या सोसायटीत उच्चारू नये.

"पाणी? सोसायटीचं पाणी वापरलंस?"

"नाही हो. कुऱ्हाडीचं पाणी. लोहार लालभडक करून बुडवतो ना, ते."

"किती वेळ बुडवलीस?"

"मी नाही, लोहाराने. साठ-सत्तर वर्षांपूर्वी."

"मग आता पाणी कशाला? इथे सकाळी चाळीस मिनिटं पाणी येतं, बाकी टँकर. टँकरचे पैसे सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातात."

"काका, ते पाणी वेगळं."

"वेगळं म्हणजे बोअरिंगचं?"

मी कुऱ्हाड खाली ठेवली. खरं तर ती हातात असताना हे संभाषण पुढे नेणं दोघांनाही धोक्याचं होतं.

मग त्यांनी वॉचमनला हाक मारली. हत्यार कॉमन एरियात ठेवता येणार नाही, आवारात मोकळं फिरवता येणार नाही. रविवारी निघेपर्यंत केबिनमध्ये जमा. रजिस्टरमध्ये नोंद. मी सही केली. का केली, हे मला अजून कळलेलं नाही. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामात डोळ्यांदेखत झाडं गेली, तेव्हा हेच काका खिडकीत उभे राहून 'चला, स्टेशन जवळ आलं' म्हणाले होते. आमच्या गच्चीची गळती चार पावसाळे रजिस्टरमध्ये नोंदलेली आहे, तिला कोणी जमा करून घेत नाही. पण माझी कुऱ्हाड लगेच जमा. त्यातही ग्रुपवर फोटो : 'सभासदांनी घाबरू नये.' त्याआधी कोणी घाबरलेलंच नव्हतं.

रविवारी सकाळी केबिनमधून कुऱ्हाड घेतली. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळताना बोटाला काहीतरी लागलं. पात्याच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा खाचा. धारेला ओल्या सालीचा हिरवट धागा चिकटलेला. मी वर पाहिलं. काकांच्या गाडीवर रोज पानं गाळणारी बदामाची फांदी जागेवर नव्हती. तिथे पांढराशुभ्र खुंट आणि थोडं आकाश.

काका गाडी पुसत होते. एरवी ते काम ड्रायव्हर करतो.

"काका, फांदी?"

"फांदी म्हणजे काय झाड असतं?" ते फडकं पिळत म्हणाले. "आणि तुझी धार काही खास नाही. सात घाव घालावे लागले."

गाडी निघायला वीस मिनिटं होती. पायऱ्यांवर बसून कानस फिरवली, पण असा खाचा काढायचा तर अख्खी धार मागे न्यावी लागते. शेवटी तसाच निघालो. शहापूरच्या अंगणात मित्राने पात्यावरून अंगठा फिरवला, खाच्याशी थांबला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ही आजोबांच्या हातची खूण का रे?"

मी हो म्हणालो. रुपया मात्र त्याने दिला नाही, मीही मागितला नाही.

रजिस्टरमध्ये 'परत आल्याची वेळ' असा एक रकाना आहे. वॉचमन रोज संध्याकाळी मला अडवून विचारतो, "साहेब, कुऱ्हाड कधी परत येणार? सेक्रेटरी साहेब विचारतायत. अजून एक फांदी आहे म्हणे."