एक्स्चेंज सुधारले, तुम्ही सुधारू नका

आपल्या भागातले टेलिफोन एक्स्चेंज अद्ययावत झाल्याची बातमी आली की घरातले इंटरनेट बंद पडते. घाबरू नका. ठाणेकरांना याची सवय हवी. 1853 मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी आपल्याकडे आली, तेव्हापासून सगळे नवे आधी आपल्या वाट्याला येते असा आपला समज आहे, आणि घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना नव्याची किंमत मेट्रोच्या कामाने चांगलीच शिकवली आहे. प्रश्न एवढाच, की बंद पडलेल्या जुन्या राउटरचे करायचे काय. दुरुस्तीचे उपाय सांगणारे घरोघरी आहेत. पण उपाय लागू पडला तर रविवार कशात घालवायचा, हे त्यांच्यापैकी कुणी सांगत नाही. दोष कधीच सापडू नये, यासाठी काय करावे ते मी सांगतो.

पहिले पथ्य, राउटरच्या दिव्यांकडे बघायचे नाही. त्यात एक डीएसएलचा, म्हणजे फोनच्या तारेवरून एक्स्चेंजशी होणाऱ्या जोडणीचा असतो, आणि एक इंटरनेटचा. डीएसएलचा लुकलुकत राहिला तर घोळ तारेत, एक्स्चेंजमध्ये किंवा राउटरचे एक्स्चेंजशी न जुळण्यात. तो स्थिर आहे आणि इंटरनेटचा लाल किंवा विझलेला आहे, तर घोळ बहुधा युजरनेम-पासवर्डात किंवा सेटिंगमध्ये. एवढ्यावर निम्मा शोध संपतो, म्हणजे निम्मी करमणूक गेली. तेव्हा राउटर टीव्हीच्या मागे ठेवा, वर क्रोशाचा रुमाल घाला. मे महिन्यात तो आतून तापून अडकेल, आणि तुम्हाला एक्स्चेंजला नावे ठेवायला आणखी एक सबळ कारण मिळेल.

रीस्टार्ट मात्र भरपूर करा. बंद करून अर्धा मिनिट थांबायचे असते म्हणतात. तुम्ही बटण खटाखट दाबा. दर वेळी जोडणी तुटून पुन्हा जुळते, आणि काही ठिकाणी एक्स्चेंजमधली यंत्रणा अशी लाइन कमजोर समजून तिचा वेग आपणहून खाली आणते. मग तुम्ही खुशाल म्हणू शकता, ‘अपग्रेडनंतर स्पीड कमी झाला.’ खोटे नाही ते.

आता मुख्य मुद्दा. राउटरने एक्स्चेंजशी कोणत्या पद्धतीने बोलायचे, ते ठरवणारे मॉड्युलेशन नावाचे एक पान सेटिंगमध्ये असते, ते कधीही उघडू नका. एडीएसएलचे, म्हणजे डीएसएलच्या जुन्या प्रकाराचे, 1999 चे मानक तिथे जी.डीएमटी या नावाने दिसते आणि सेकंदाला साधारण 8 मेगाबिटवर थांबते. 2003 चे एडीएसएल2+ कागदावर 24 पर्यंत जाते, तेही घर एक्स्चेंजच्या जवळ असेल तर. 2006 चे व्हीडीएसएल2 त्याच्याही पुढचे, पण जुन्या राउटरला ते येतच नाही. एक्स्चेंजमधले कार्ड बदलले, आणि तुमचा राउटर कुणा मेकॅनिकने फार पूर्वी फक्त जी.डीएमटीवर बांधून ठेवला असेल, तर तो तिथेच अडून बसतो. ‘ऑटो’ किंवा ‘मल्टिमोड’ केले की बरेचदा काम होते. आणि पलीकडे एडीएसएल उरलेच नसेल, तर कितीही आरती केली तरी तो जुळणार नाही. एवढे कळले की माणूस सरळ दुकानात जातो. म्हणून ते पान उघडू नका.

त्याऐवजी भाच्याला बोलवा. भाचा आयटीत असतो, म्हणजे ऐरोलीत बसून कुठल्या तरी बँकेच्या सॉफ्टवेअरचे टेस्टिंग करतो, पण घरच्यांच्या लेखी आयटी म्हणजे आयटी. तो येईल, चहा घेईल, ‘मामा, एकदा रीसेट मारून बघू’ म्हणेल आणि मामीच्या डब्यातली सेफ्टी पिन मागच्या भोकात घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरेल. हा क्षण नीट अनुभवा. युजरनेम गेले, पासवर्ड गेला, वायफायचे नाव गेले आणि जोडणीला लागणारे व्हीपीआय-व्हीसीआय नावाचे दोन आकडेही गेले. हे आकडे कुठे 0 आणि 35 असतात, कुठे 0 आणि 32. तुमच्याकडे कोणते, ते कनेक्शनच्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद तुम्ही लॅमिनेट करून जपून ठेवला आहे. कुठे ठेवला आहे, ते विचारू नये. भाचा सगळ्या जोड्या लावून बघेल, मग म्हणेल, ‘प्रॉब्लेम त्यांच्या बाजूने आहे,’ आणि शेवटची गाडी पकडायला निघेल.

स्प्लिटरचे, म्हणजे आवाज आणि इंटरनेट वेगळे करणाऱ्या फिल्टरचे, काय करायचे? हॉलमधल्या फोनला लावा, बेडरूमच्या एक्स्टेन्शनला लावू नका. आवाज 4 किलोहर्ट्झच्या आत चालतो, इंटरनेट त्याच तारेवर 25 किलोहर्ट्झच्या वर. फिल्टर नसलेला एकच फोन दोघांची भेळ करतो. फोन वाजला की नेट जाते, याचा संबंध घरात कुणी लावला तर विषय बदला. आणि सगळी उपकरणे काढून राउटर थेट पहिल्या रोझेटला, म्हणजे तार घरात येते त्या डबीला, लावून बघा, असे कुणी सुचवले तर कपाट सरकवावे लागेल म्हणून सांगा.

अडॅप्टर हा विषय कुणालाच सुचत नाही, ते बरे आहे. वर्षानुवर्षे गरम राहून त्याच्यातले कपॅसिटर फुगतात, भार पडला की व्होल्टेज खाली येते आणि राउटर मध्येच स्वतःहून चालू-बंद होतो. तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्याच अँपिअरचा दुसरा स्टेशन रोडला मिळतो. तुम्ही पिन बसते म्हणून सेट-टॉप बॉक्सचा लावा.

पावसाळ्यात तर तुम्हाला काहीच करावे लागत नाही. जॉइंटमध्ये पाणी शिरते, तांब्याची तार गंजते. फोन उचलून एक आकडा दाबला की डायल टोन थांबतो. त्या शांततेत खरखर ऐकू आली तर दोष तारेचा. ही परीक्षा फुकट आहे, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवू नका.

शेवटी लाइनमन येतो. डीपी, म्हणजे तारांची पेटी, उघडतो, कानाला फोन लावतो आणि म्हणतो, ‘साहेब, आमच्याकडून क्लिअर आहे. तुमचा राउटर जुना झालाय.’ कस्टमर केअरची मुलगी म्हणते, ‘सर, राउटर ओके दिसतोय, लाइनचा प्रॉब्लेम आहे.’ दोघांशीही वाद घालू नका, दोघांनाही मान डोलवा. फक्त त्यांची गाठ पडणार नाही, एवढे बघा. शेजारच्या काकूंचा चालू राउटर दहा मिनिटे मागून तुमच्या लाइनवर लावला तर कोण खरे ते तिथल्या तिथे कळेल. पण राउटर मागणे बरे दिसत नाही. साखर मागणे वेगळे.

इतके सांभाळूनही एक दिवस सोसायटीत फायबर येईलच. घाबरू नका, जुना राउटर वाचवता येतो. फायबरच्या नव्या डब्याच्या मागे तोच जोडा आणि ‘आपला मजबूत आहे, पूर्वीचा माल’ म्हणा. त्याची पोर्टे 100 मेगाबिटची, वायफाय जुन्या 54 च्या मानकाचे, म्हणजे प्रत्यक्षात वीस-पंचवीस. प्लॅन 300 चा घ्या. दोन्ही डब्यांचा पत्ता 192.168.1.1 ठेवला तर तेवढेही मिळायचे नाही. मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहा, ‘फायबर म्हणजे नुसती जाहिरात.’ खाली अंगठे येतील.

लँडलाइनही आता त्याच डब्यातून येईल. पूर्वी वीज गेली तरी फोन चालायचा, कारण 48 व्होल्टचा पुरवठा एक्स्चेंजमधूनच तारेवरून यायचा. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, त्यामुळे दिवे गेले की डबा बंद आणि फोनही बंद. छोटा यूपीएस लावला की दोन्ही चालतात. तो घेऊ नका. वीज गेल्याची तक्रार लँडलाइनवरूनच करायची, हा घरचा नियम तेवढा कडक ठेवा.